‘धीर’ नावाचा फोटो

हे कुणालाच सांगितलेलं नाही. नचिकेतला, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय—बघू. दोनदा सुरुवात केली आणि खोडली, मध्येच उठून चहाही करून आले.

आधी फोटोबद्दल बोलते, ते सोपं आहे. टोकियोत मी जुन्या कलात्मक छायाचित्रणावर पीएचडी करत होते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मंडळींना कॅमेऱ्यातून चित्रं काढायची हौस. भिंगापुढे तलम कापड धरायचं, कडा धूसर करायच्या, एखाद्या बाईला पांढरं वस्त्र गुंडाळून खिडकीशी बसवायचं आणि खाली लिहायचं—‘आशा’, ‘विरह’. ती बाई कोण, त्या दिवशी तिचं काय दुखत होतं—कोण विचारतंय? मला ते फार भारी वाटायचं. तसले फोटो मी स्वतःही काढायचे, आणि आमच्या विभागाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

भूकंप झाला तेव्हा सासूबाई आमच्याकडे फुनाबोरीला आल्या होत्या. टेबलाखाली त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठले. पुढेही धक्के येतच राहिले. खालच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, ना पाव ना पाणी, टीव्हीवर सारखी फुकुशिमाची अणुभट्टी. इमारतीतली निम्मी भारतीय कुटुंबं बॅगा भरून निघून गेली. त्यातच साताऱ्याहून फोन—सासूबाईंची धाकटी बहीण, कुसुममावशी, आयसीयूत. ‘अगं, मला घरी पाठव गं,’ एवढंच म्हणायच्या. मग शाल डोक्यावरून घेऊन खिडकीशी बसून राहायच्या.

आणि मी काय पाहिलं? शाल पाहिली. खिडकी पाहिली. शी! लिहितानासुद्धा लाज वाटते. मनात आलं—हाच तो फोटो. नावसुद्धा तिथल्या तिथे सुचलं, ‘धीर’.

नचिकेत कावासाकीच्या ऑफिसात अडकलेला, त्यामुळे तिकिटाचं काम माझ्याकडे. आणि—तिकीट होतं. मुंबईचं, एकच सीट, दुसऱ्या दिवशी सकाळचं. माझ्यासमोर स्क्रीनवर होतं. पण त्या दिवशी आभाळ भरलेलं, हवा तसा उजेड नाही. फोटो झाला तर दुसऱ्या सकाळीच होणार. एका दिवसानं असं काय बिघडतंय? परवाचं मिळेल की! मी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, ‘आई, सगळं फुल आहे हो.’

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दमली असशील, म्हणाल्या.

सकाळी ऊन पडलं. जरा हलू नका म्हटलं, तर हलल्या नाहीत बिचाऱ्या. परवाचं तिकीट मिळालं नाही. त्याच्या पुढचंही नाही—आता खरंच सगळं फुल होतं. मिळालं, तोवर मावशी गेल्या होत्या. फोनवर ऐकताना सासूबाई रडल्या नाहीत. मी मात्र मोठ्यानं रडले, आणि त्याच मला समजावत बसल्या.

प्रदर्शनात लोक त्या फोटोपुढे थांबायचे. एका आजींनी तर डोळे पुसले. भूकंपानंतर असाच धीर लागतो, असं माझे सेन्सेई, म्हणजे पीएचडीचे सर, सगळ्यांसमोर म्हणाले, आणि मी कमरेतून वाकून आभार मानत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं—कुणी फोटोच्या फार जवळ गेलं की मी पुढे होऊन त्यांना दुसऱ्या फोटोकडे न्यायचे.

आता तो फोटो सासूबाईंच्या हॉलमध्ये आहे. सुनेनं काढलाय, असं आल्यागेल्याला सांगतात. मागच्या दिवाळीत शेजारच्या वहिनींनी विचारलं, ‘त्या दिवसांत इतक्या शांत कशा बसलात हो?’ ‘शांत कुठली!’ सासूबाई म्हणाल्या. ‘मनातल्या मनात कुसुमला सांगत होते, थांब गं थोडी, तिकीट मिळालं की निघालेच.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘पण तिकीटच नव्हतं, नाही गं?’

मी मान हलवली. नव्हतं म्हणाले.