दाटलेलं दूध

नीरजाचा दिवस सासऱ्यांच्या उजव्या हातापासून सुरू व्हायचा. अनंतरावांना अर्धांगवायूचा झटका येऊन दोन वर्षं होत आली होती. सकाळी सहाला ती त्यांच्या पलंगाशी बसायची, मिटलेली बोटं एकेक करून उघडायची, मनगट फिरवायची, खांदा हळूहळू वर न्यायची. त्याचा कितपत उपयोग होतोय, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण ती फिजिओथेरपिस्ट होती, सून होती आणि घरात दुसरं कुणी करणारं नव्हतं. मग डबे, मग स्कूटी, मग शहराच्या गारखेडा भागातलं प्रसूतिगृह. तिथं पोचेपर्यंतच तिला वाटायचं, आजचा दिवस एकदाचा संपावा.

बाळंतिणीच्या दवाखान्यात फिजिओचं काय काम, असं नातेवाईकही विचारायचे. गुडघे आणि कंबर, एवढंच लोकांना ठाऊक. पण नीरजाला खरी हाक यायची ती बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तेव्हा दूध भरून येतं, ते नीट निघत नाही आणि छाती दाटून दगडासारखी होते. कातडी ताणून चकाकायला लागते, ठणका काखेपर्यंत जातो, अंगात कणकण भरते. अशा बाईला साधा हात वर करून केस विंचरवत नाहीत.

हे नीरजा आधी स्वतः भोगून बसली होती. सतरा वर्षांपूर्वी मुलीच्या वेळी तिची छाती अशीच दाटली. मालिशवाल्या बाईनं गाठी फोडायच्या म्हणून दोन्ही अंगठे रोवून चोळलं. सासूबाई तिचे हात धरून बसल्या होत्या. आठ दिवसांत तिथं पू झाला, चीर द्यावी लागली आणि त्या बाजूला मुलीनं पुन्हा तोंड लावलं नाही. मालिशवालीवरचा राग काही वर्षांत गेला. स्वतःवरचा गेला नाही. शरीराचं शिक्षण घेतलेली बाई आपण, आणि ओरडण्यापलीकडे आपल्याला काही सुचलं नाही! मग ती जिथं मिळेल तिथं हे काम शिकली. बारा वर्षं तेच करत होती. त्या बारा वर्षांनी तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजवला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. ती नुसतीच हसली होती.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी अनंतरावांची मूठ उघडताना त्या सांध्यातून अशी कळ गेली की तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तरी ती कामावर गेली.

चार नंबरच्या खाटेवर सोनिया होती. बावीस वर्षांची, पैठणच्या पलीकडल्या खेड्यातली. आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, त्यामुळं माहेरी जायचं राहून गेलं. दीड किलोची मुलगी वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होती, नळीवाटे दूध घेत होती. तिला ओढायची ताकद नव्हती आणि इकडं आईची छाती फुटायला आली होती. डॉक्टरांनी सकाळीच तपासून सांगितलं होतं, पू नाही, दूध साकळलंय.

नीरजा पडद्याआड गेली तेव्हा सोनियाची सासू, मनकर्णाबाई, गरम फडकं सुनेच्या छातीवर दाबून धरत होती आणि तळहाताचा सगळा जोर लावत होती. सोनियानं चादरीचं टोक दातात धरलं होतं.

"हात काढा!" नीरजा ओरडली. "आधी हात काढा तिथनं!"

आवाज इतका चढला की शेजारच्या खाटेवरचं बाळ दचकून रडायला लागलं. मनकर्णाबाईनं हात काढला. फडकं घेऊन ती भिंतीला टेकून खाली बसली. तेव्हा नीरजाला तिचे सुजलेले पाय दिसले. चार दिवस ही बाई वरच्या मजल्यावरच्या दाराशी उभी राहत होती, हे सिस्टरनं तिला कालच सांगितलं होतं.

नीरजानं सोनियाला उशीला टेकवलं. सपाट तळव्यानं काखेच्या दिशेनं, गळ्याच्या हाडाच्या दिशेनं हलकेच हात फिरवायला सुरुवात केली. सूज थोडी सरकली. मग बोटांच्या टोकांनी स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागावर दाब देऊन तो मऊ करायचा होता, आणि मग दूध काढायचं होतं. त्याला अंगठा लागतो. तिनं अंगठा टेकवला आणि हात झटक्यानं मागं घेतला. पुन्हा टेकवला. नाहीच जमलं, आणि डाव्या हाताला या कामाचं वळण नव्हतं.

सोनियाच्या एका हाताला सलाईन होतं, दुसरा ठणक्यामुळं छातीपर्यंतही उचलवत नव्हता. सिस्टर दोन बाळंतपणांत अडकल्या होत्या.

"मावशी," नीरजा म्हणाली, "इकडं या. हात धुऊन या."

मनकर्णाबाई जागची हलली नाही. "मला नगं. माझा हात जड हाय, आताच तर वरडलात."

"माझा हात आज चालत नाही मावशी. तुम्ही केलंत तरच होईल."

ती उठली. कोपरापर्यंत हात धुऊन आली. नीरजानं बाही वर करून आपला दंड पुढं केला. "आधी माझ्यावर करून दाखवा."

कापूस वेचून चरे पडलेली बोटं दंडावरून खरखरत गेली.

"हलकं."

"ह्यापेक्षा?"

"अजून हलकं. दुधावरच्या सायीवरून बोट न्यायचंय, पण साय फाटायला नको."

"मंग हात लावला काय न् नाय लावला काय!" असं म्हणत तिनं पुन्हा हात फिरवला, आणि या वेळी नीरजानं मान हलवली.

अर्धा तास गेला. नीरजा सांगत होती, मनकर्णाबाई करत होती. सोनियाच्या खांद्यांचा ताठा हळूहळू उतरला. मधेच मनकर्णाबाई खालच्या आवाजात बोलायला लागली, सुनेला की नीरजाला ते कळत नव्हतं.

"माझी पयली लेक चौथ्या दिवशी गेली. दूध लई व्हतं. घट्ट फडकं बांधलं न् कामाला लावलं. लई दिस ठणकत व्हतं. दुखतंय का म्हून कुनी इचारलं नाय. मी बी बोलले नाय."

सोनियानं डोळे उघडले. चार वर्षं त्या घरात राहूनही तिनं हे कधी ऐकलं नव्हतं. "आत्याबाई," एवढंच ती म्हणाली आणि मोकळा हात सासूच्या गुडघ्यावर ठेवला.

थोड्या वेळानं पिवळसर थेंब आले, मग बारीक धार लागली. वाटीचा तळ झाकला गेला, मग त्याच्या वर बोटभर. मोकळी झालेली एक सिस्टर वाटी घेऊन वर गेली. नीरजानं थंड पाण्याच्या घड्या छातीवर ठेवल्या आणि तीन तासांनी पुन्हा करायचं, असं बजावलं. मघाच्या ओरडण्याबद्दल माफी मागायचं तिच्या मनात होतं, पण शब्द जुळवायचंही त्राण नव्हतं. ती म्हणाली, "चहा घेतलात का मावशी?"

"सकाळधरनं नाय."

दोघी जिन्याच्या पायरीवर बसून चहा प्याल्या. मनकर्णाबाईला बसल्या बसल्या डुलकी लागली. नीरजानं तिच्या हातातला कप काढून घेतला आणि पुढच्या खाटेकडं जायच्या आधी आणखी पाच मिनिटं तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून सोनिया स्वतःच्या हातानं दूध काढायला लागली. मुलगी तेविसाव्या दिवशी घरी गेली. नीरजा तेव्हा तिथं नव्हती. अंगठ्याला पट्टा बांधून सहा आठवड्यांच्या सक्तीच्या रजेवर होती आणि पहिला आठवडा तर तिनं, डाव्या हातानं सासऱ्यांची बोटं उघडण्यापुरतं उठून, बहुतेक झोपूनच काढला.

आता ती परत कामावर आहे. अंगठ्यानं करायचं काम तिला जमत नाही, पुढंही जमणार नाही. म्हणून बाळंतिणीबरोबर जी कुणी असेल, आई, सासू, जाऊ, तिला ती शेजारी बसवते आणि शिकवते. वेळ दुप्पट लागतो. काहीजणी कंटाळतात, काही लाजतात, एखादी सरळ म्हणते, हे तुमचं काम, तुम्हीच करा. नीरजा वाद घालत नाही. बाही वर करते आणि दंड पुढं धरते.