एका वेळी दोनच

उजव्या तळहातावर एक तूर, डाव्यावर दुसरी, आणि मान कधी इकडे, कधी तिकडे. "एका वेळी दोनच. तिसरं आलं की डोळा लबाडी करतो," हे अण्णांचं ठरलेलं बोलणं.

गुलबर्ग्याच्या एका डाळ मिलमध्ये ते माल पारखत. तिथेच माझे अप्पा पोती उचलायचे आणि आई डाळ निवडायची. आम्ही सहा जण मिलमागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. घरात कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं.

चार नमुने आले, तर अण्णा प्रत्येकाची प्रत्येकाशी कुस्ती लावत. जिंकेल त्याच्यापुढे एक दाणा. शेवटी ज्याच्यापुढे दाणे जास्त, तो माल पहिला. व्यापारी कंटाळत.

"अण्णा, एकदम सांगा की."

"एकदम सांगायला मी काय ज्योतिषी हाय?"

घरी भाजीसुद्धा अशीच ठरे. त्यांची बायको म्हणायची, "मला कुणाशी लावून बघितलं, तेवढं सांगत न्हाईत." असा माणूस तुमच्याही बाजारात असेल, असला तर सांभाळा.

बारावी झाले तेव्हा माझ्यापुढे तीन वाटा होत्या: बी.एस्सी., मिलमधली कारकुनी आणि दुबलगुंडीचं स्थळ. स्थळाला आठवड्यात उत्तर द्यायचं होतं. अप्पा मला अण्णांकडे घेऊन गेले. अण्णांनी तीन वाटांच्या तीन रेघा जमिनीवर ओढल्या.

"कॉलेज का नोकरी?"

"कॉलेज." दाणा पडला.

"नोकरी का स्थळ?"

"नोकरी."

"स्थळ का कॉलेज?"

मी अप्पांकडे पाहिलं. "स्थळ."

तिन्हींपुढे एकेक दाणा. अण्णांनी तिन्ही दाण्यांवरून बोट फिरवलं.

"पोरी, तूर अशी गोल फिरत न्हाई. यातलं एक उत्तर तुझं न्हाई. कामून खोटं बोलायलीस?"

"अप्पांची पाठ दुखायलीय. मी शिकले तर त्यांना अजून तीन वर्षं पोती उचलावी लागतील."

"पाठ माझी हाय, तिचं मी बघतो," अप्पा म्हणाले, आणि स्थळापुढचा दाणा उचलून कॉलेजपुढे ठेवला. आपल्या दाण्यांना अण्णांनी दुसऱ्याचा हात लागू दिला, ते पहिल्यांदाच.

माझ्या शेवटच्या वर्षी अण्णा गेले. निकालाचे पेढे आईने त्यांच्या घरी नेऊन दिले. मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली. आज बीदरच्या एका शाळेत गणित शिकवते. अप्पा आता पोती उचलत नाहीत.