आत्याचा आवाज कुठं ठेवायचा

दुकानदाराने विचारलं, "क्या रखना है? पिक्चर?"

भिवंडीत मोठी डिस्क घ्यायला गेलं की हा प्रश्न येतोच, कारण लोक पिक्चरच ठेवतात. मी त्याच्याच आवाजात, त्याच्यासारखाच नाकातून बोललो, "शादी के वीडियो." तो हसला नाय. मला ही खोडच आहे. वडप्याला ज्या गोडाऊनमध्ये मी पार्सल स्कॅन करतो, तिथं फोर्कलिफ्ट मागे येताना वाजतो तसा आवाज मी तोंडाने काढतो. सुपरवायझर अजून उडी मारतो.

"किसकी शादी?"

"सबकी."

खरंच सगळ्यांची. माझी आत्या धवलारीण. आमच्यात लग्नाच्या मांडवात, हळदीपासून वरात निघेपर्यंत, एकेका विधीचं गाणं गाणारी जी बाई असते ती धवलारीण, आणि ती गाणी म्हणजे धवले. शेलारपासून दिघाशीपर्यंत कुठंही लग्न निघालं की लोक हॉलच्या आधी आत्याची तारीख घ्यायचे. आता आत्याने डॉक्टरची तारीख घेतली होती. घशात गाठ, कॅन्सरची. ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढणार होते.

म्हणून मी ठरवलं, त्याआधी तिचा आवाज एका जागी जमा करायचा. नातेवाईकांकडून लग्नाच्या सीड्या, पेनड्राइव्ह, बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या डिस्का गोळा केल्या. एक काकी म्हणाली, "ने बाबा. माझी सीडी परत नाय दिलीस तरी चालंल. तुझा काका तिच्यान लय बारीक दिसतं, बघून जीव जलतो."

आता हे ठेवायचं कशात? घरातल्या जुन्या कॉम्प्युटरलाच मोठी डिस्क लावून सर्व्हर करता आला असता. पण तो दिवसभर घरघरतो, आणि बाजूचे कापडाचे लूम सुरू झाले की आमच्याकडची लाईट दम लागल्यासारखी वरखाली होते. ऑनलाइन ठेवायचं तर एवढं चढवता चढवता माझंच लग्न झालं असतं, वर भाडं थकलं की सगळं उडणार. राहिला तो वायफायच्या राऊटरला जोडायचा डबा, आत दोन डिस्क.

"यही ले," दुकानदार बोलला. "दोनों में सेम माल जाता है. एक मरी तो दूसरी में सब सलामत."

"और गलती से डिलीट हो गया तो?"

"तो दोनों से गया. ये गलती भी सेम-सेम करता है, भाई."

म्हणून मी डब्यासोबत अजून एक सुटी डिस्क घेतली, काकाच्या कपाटात ठेवायला. लाईटसाठी यूपीएस घेतला. आग, पाणी, लाईट, उंदीर, सगळ्याचा विचार केला. दुकानदार बोलला, "इतना तो हमारे पास बैंकवाला भी नहीं सोचता." मला बरं वाटलं.

ड्युटीवरून आलो की कॉपी करत बसायचो. सगळं चढलं तेव्हा पहिलं लग्न टीव्हीवर लावलं. हळद चाललेली. आत्या हिरव्या लुगड्यात मांडवात बसलेली, तोंड उघडते, मान तिरकी करते, आणि आतून पिक्चरच्या हिरोचं प्रेमगीत येतं. पुढचं लग्न लावलं. आत्या गातेय, वर सनई. त्याच्या पुढचं लावलं, परत तोच हिरो.

गावातल्या शूटिंगवाल्याकडे गेलो. तो बोलला, "अरे भावा, पार्टीच सांगते गाणी टाक. मूळ आवाजात काय असतं? जनरेटर, पोरांचा कालवा, कोण कोणाला जेवायला बोलावतंय."

"मग मूळ शूटिंग कुठंय?"

"एडिट झालं की उडवतो. डिस्क भरते ना यार."

एरवी मी गल्लीच्या टोकापर्यंत त्याचं ते "ना यार" करत गेलो असतो. तेव्हा नुसता घरी आलो. लोकांचे मोबाईल बघितले. त्यात सगळे डीजेवरचे नाच. धवले लागले की पोरं मोबाईल चार्जिंगला लावायची. मीही लावायचो.

आत्या आमच्याच घरात राहते. ती ओटीवर वाल सोलत होती. आवाज तेव्हाच अर्धा बसलेला.

"आत्या, एक गा ना. मोबाईल लावतो."

"लगीन कोनाचा हाय?"

"माझं धर."

"पोरगी कुठं हाय, दाव."

हसता हसता तिला ठसका लागला. मग हळू बोलली, "मांडव न्हाय, हळद न्हाय. रिकाम्या घरान धवला गात न्हाय रं. आन ह्यो फुटका आवाज ठेवून काय करशील? माझी नक्कल करतंस ना तू? मोप झाला."

ऑपरेशन झालं. आत्या गळ्याला भोक घेऊन घरी आली, वर पांढरं फडकं. आता हाताने बोलते. लिहायला ती कधी शिकली नाय, आणि तिच्या जोडीला गाणारी बाई कधीच गेली. दुपारी ती टीव्ही लावते, डब्यातलं एखादं लग्न काढते आणि रिमोटने आवाज बंद करते. मग पडद्यावरच्या आत्यासोबत तिचे ओठ हलतात.

सुट्टीच्या दिवशी मी बाजूला बसलो. हळद लागत होती. चाल मला माहीत होती. मी हळूच तिच्या आवाजात सुरू केलं. ओळ संपताना ती जो हेल ओढायची, तो हुबेहूब आला. आत्याने माझ्याकडे बघितलं. अडवलं नाय. हाताने खूण केली, पुढं.

पुढचे शब्द मला येत नव्हते. मी नेहमी आवाज तिचा घ्यायचो आणि त्यात वांगी-बटाटे भरायचो. लोक हसायचे, तीही हसायची.

तिने रिमोटने मागं नेलं आणि तोंड सावकाश हलवलं. फडक्याखालून नुसती हवा आली. मी ओठ बघून काहीतरी बोललो. तिने नाय अशी मान हलवली. परत मागं नेलं. मी दुसरं काहीतरी बोललो. तिने माझी हनुवटी धरून तोंड जवळ आणलं, परत तीच ओळ दाखवली. मला कळलं नाय.

मग तिने मागं नेलं नाय. लग्न पुढं चालू राहिलं. पुढच्या विधीला तिने ओठ मिटून घेतले, आणि टीव्हीतली आत्या एकटीच गात राहिली.