शटर पडलं की बाळ दचकतं

आमच्या घरात माझ्या संशोधनाचा उपयोग आजवर एकाच गोष्टीसाठी झालाय, पाहुण्यांसमोर मिरवायला. ‘आमची पोरगी मुंबईला मेंदूचं शिकते,’ असं आई अख्ख्या वळ गावात सांगत फिरते. लहान मूल बोलायला कसं शिकतं, तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडतं, हा माझा विषय. पण घरातल्याच मुलाबद्दल तोंड उघडलं की मी लगेच दीडशहाणी!

ते मूल म्हणजे दादाचा मुलगा. दीड वर्षाचा झाला तरी तोंडातून एक शब्द नाही. सुट्टीला आले की मी त्याच्या पाठीमागे बसून हाका मारायची, वाटीवर चमचा वाजवायची. तो ढिम्म. आईला मात्र त्याचं केवढं कौतुक! घराला लागूनच गोदाम, ट्रक मागे घेताना नुसता कल्ला, आणि हा पठ्ठ्या दुपारभर गाढ झोपलेला. ‘गुणी हाय गो माझा बाळ,’ म्हणायची.

‘आई, त्याला ऐकू येत नसेल. कान तपासून घेऊ या ना.’

‘काय अभद्र बोलतेस! तुझा दादा पण उशिराच बोलला. आता गप बसतो का तो?’

दादा तर भडकलाच. तेवढ्यात गोदामाचं शटर धाडकन पडलं आणि बाळ दचकून रडायला लागलं. ‘बघ! ऐकलं ना त्यानं? झाली तुझी तपासणी?’ अरे, भिंत हादरली म्हणून दचकला तो! मी घसा फोडून सांगत होते. ‘तुझे प्रयोग तिकडं कॉलेजात कर,’ दादा म्हणाला, ‘माझा पोरगा काय उंदीर न्हाय.’ असा संताप आला मला! बोलणं शिकायची हीच वर्षं, हे मी परक्या आयांना समजावते आणि त्या ऐकतात. इथे माझ्या भाच्याचे महिने फुकट चालले होते आणि मी नुसती चडफडत होते.

वहिनी या भांडणात कधीच पडायची नाही. मला तिचाही राग यायचा. आई असून हिला काहीच कसं दिसत नाही?

दुसऱ्या दिवशी ती बाळाला भात भरवत होती. बाळ दिवाणावर पाठमोरं बसून खेळत होतं. वहिनीनं दिवाणाच्या फळीवर दोनदा थाप मारली. बाळ झटकन वळलं, आ करून घास घेतला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मी बघतच राहिले.

‘वहिनी, तू त्याला हाक का नाही मारत गं?’

तिनं बाळाचं तोंड पुसलं. ‘हाक मारली की तो बघत न्हाय, ताई. बाकीचे सगळे बघतात.’

मग मी वाद घालत बसले नाही. पडघ्याला साडी बघायला जातो म्हणून घरी सांगितलं आणि आम्ही दोघी बाळाला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे निघालो. रिक्षात बसतोय तोच मागून आई दारातून ओरडली, ‘अगं, पोराला टोपी घाला! कानात वारं जाईल!’