मामेसासरे आणि घाईचे इंग्रज

इंग्रजांवर रागावलेली माणसं जगात पुष्कळ असतील. पण इंग्रजांना वेळ म्हणजे काय ते कळत नाही म्हणून रागावलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका इंग्रजीचा शिक्षक निघावा! हे माझे मामेसासरे. ते देगलूरकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत आणि मामी औशाच्या शाळेत गणित. मधे जिल्ह्याची हद्द. नवराबायकोला एका गावात आणणाऱ्या बदलीसाठी मामांनी एकोणीस वर्षं अर्ज केले. शनिवारची सकाळची शाळा सुटली की ते औशाकडे निघत आणि लातूरला गाडी बदलताना आमच्याकडे चहाला टेकत. टेकत म्हणजे चांगले तासभर.

उदगीरच्या स्टँडवर वीस मिनिटं थांबले असले, तर ते सांगायला मामांना पंचवीस मिनिटं लागत. "थांबून राहिलो, जावईबापू, थांबून राहिलो... गाडीचा पत्ता न्हाई, थांबूनच राहिलो!" ऐकणाऱ्याचे पाय दुखू लागत. एकदा तर ते दारातूनच ओरडत आले. कुठल्याशा इंग्रजी धड्यात एक म्हातारी मुलाच्या पत्राची वाट पाहते, आणि लेखक लिहितो, 'शी वेटेड फॉर इलेव्हन इयर्स.' मामांचा चेहरा पांढरा पडला होता. "अकरा वर्सं! अन् 'वेटेड' म्हनून मोकळे! फुडच्या ओळीत टपालवाला हजर! ह्या लोकांला काळीज हाय का न्हाई?" भूतकाळ आहे मामा, झालं गेलं ते, असं मी म्हणालो. "झालं? अन् त्या अकरा दिवाळ्या म्हातारीनं कशा काढल्या, ते कोन सांगनार?"

सोमवारी त्यांनी अख्खी नववी मैदानात नेली आणि फाटकाकडे तोंड करून तासभर गप्प उभी केली. वाट पाहणं अंगात भिनल्याशिवाय ते वाक्य कळायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापकांना वाटलं शोकसभा आहे. तेही हात जोडून मागे उभे राहिले आणि दहा मिनिटांनी कुजबुजत म्हणाले, "कोन गेलं?" मामा म्हणाले, "कुनी गेलं न्हाई सर. कुनी येऊनच न्हाई राहिलं." मुख्याध्यापक त्या दिवशी रजा टाकून घरी गेले म्हणतात.

मामांचा बदलीचा अर्ज चार पानी असे. गेल्या वर्षी मी शहाणपणा करून तो इंग्रजीत एका ओळीत बसवून दिला: 'वुई लिव्ड अपार्ट फॉर नाइन्टीन इयर्स.' मामांनी तो कागद विंचू दिसावा तसा खाली टाकला. "हे वाचून सायेब म्हनंल, मिटलं की ह्यांचं!" पुढचे तीन शनिवार ते आमच्याकडे फिरकले नाहीत.

आणि यंदा उन्हाळ्यात बदली झाली! मामांना औशातच शाळा मिळाली. शाळा सुरू झाल्यावर एका मंगळवारी मी भेटायला गेलो. मामींनी आम्हा दोघांची ताटं वाढली, स्वतःचं घेतलं नाही.

"आज बी पोट?" मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सुट्टीत घरी असलो की बघत आलोय. मंगळवार आला की हिचं पोट बिघडतंय."

मामी हसल्या. "पोट न्हवं. उपास हाय. देवीला बोलले होते. येत्या मंगळवारी उद्यापन करायचं, जोडीनं बसावं लागतंय, म्हनून आता सांगते."

"कशाचा उपास?"

"तुमच्या बदलीचा."

"कधीपासून?"

"पहिल्या अर्जापासून."

मी हबकलोच. मामांचा घास हातातच राहिला. एकोणीस वर्षांचे मंगळवार, आणि या माणसाला त्यातला एकही ठाऊक नव्हता!

"मला का न्हाई सांगितलं?" मामा म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुमी बी जेवला नसता. तिकडं खोलीवर तुमाला बघाया कोन होतं?"

मामांनी ताट पुढे सारलं. मामींनी ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं.

"अवो, जेवा की. आता झाली न्हवं बदली?"

मामा जेवले. मान वर न करता, अगदी सावकाश जेवले, आणि मामी त्यांच्याकडे बघत बसल्या.