चॉकलेट खाल्ल्यावरच पेपर

बारावीसाठी मी नांदेडहून लातूरला आले. अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं आणि पोरगी डॉक्टर व्हावी एवढंच त्यांचं म्हणणं. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. गच्चीवर पत्रे ठोकून घरमालक पोरींना खोल्या देत. तशाच एका खोलीत मला मैत्रीण मिळाली. भूकंपात जमीनदोस्त झालेल्या एका गावची. तिची आई गेली होती, ती आणि वडील वाचले. हे तिनं मला कित्येक महिन्यांनी, मेथी निवडता निवडता सांगितलं.

आमच्या क्लासच्या सरांना चॉकलेटचं वेड. कुठंतरी वाचलं होतं त्यांनी, की चॉकलेटनं मन प्रसन्न होतं, मेंदूला तरतरी येते. दर चाचणीआधी खोका घेऊन ते बाकांमधून फिरायचे. "तोंडात टाका, हसा, मग पेपर." खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. जिभेवर विरघळताना छातीतली धडधड कमी व्हायची. डोकं जास्त चालायचं का, ठाऊक नाही. गणितं तीच चुकायची.

मैत्रीण तिचं चॉकलेट ओढणीच्या गाठीत बांधायची आणि खोलीवर आल्यावर मला द्यायची. मेथीच्या त्या दिवशी मी विचारलं, "तुला आवडत नाही का गं?"

"आवडतं," ती म्हणाली. "म्हणूनच न्हाई खात."

मी बघत राहिले तशी ती सांगू लागली. "भूकंप झाल्यावर शहरातून गाड्या आल्या. एका बाईनं हातात चॉकलेट दिलं. आधी कधी खाल्लं नव्हतं. लई गोड लागलं. बरं वाटलं मला. तिकडं लोक आईला ढिगाऱ्याखालून काढत होते, आन् मला बरं वाटलं."

मी मेथीच्या काड्या मोडत बसले.

पुढच्या चाचणीला सरांनी तिला गाठ मारताना पाहिलं. "खात का नाहीस?"

"नको सर."

"नको कसं? सगळ्यांनी खाल्लंय. असं सुतकी तोंड घेऊन बसल्यावर मार्क कुठून येणार?"

पोरं हसली. सरांनी स्वतः वेष्टन सोलून ते चॉकलेट तिच्या बाकावर ठेवलं आणि तिच्यापुढचा पेपर उचलला. "आधी खा. मग पेपर."

ती मान खाली घालून बसली. सगळे लिहू लागले, चॉकलेट उकाड्यानं बाकावर पाघळू लागलं, आणि सर पंख्याखाली उभे राहून वर्तमानपत्र वाचत होते. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी उठले.

"सर, तिला पेपर द्या."

"तू तिची वकील का?"

"तिला नको आहे. का नको, ते तुम्ही एकदा तरी विचारलं का?"

"मी तिच्या भल्यासाठीच करतोय."

"मग माझाही पेपर घ्या," मी म्हटलं आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी आम्हा दोघींना बाहेर काढलं आणि अब्बांना फोन लावला.

अब्बा दुसऱ्या दिवशी एसटीनं आले. सर त्यांना माझा उद्धटपणा सांगत होते, शिस्त सांगत होते, चॉकलेटनं मेंदूत काय काय होतं तेही सांगत होते. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग दाराशी उभ्या मैत्रिणीकडं वळून म्हणाले, "बेटा, सकाळपासून काही खाल्लंस का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"चला मग," अब्बा म्हणाले. आम्ही खानावळीत जाऊन भाकरी आणि पिठलं खाल्लं. ती जेवता जेवता रडली. अब्बांनी पाण्याचा गिलास पुढं सरकवला, बाकी काही विचारलं नाही.

त्या क्लासला आम्ही परत गेलो नाही. कॉलेजातल्या एका बाईंनी संध्याकाळी घरी बोलावून शिकवलं. डॉक्टर दोघीही झालो नाही. ती नर्सिंगला गेली, लहान मुलांच्या वॉर्डात असते. मी अर्धापूरला जीवशास्त्र शिकवते.

पोरं मला विचारतात, चॉकलेट खाल्लं तर अभ्यास चांगला होतो का? मी सांगते, थोडा वेळ बरं वाटतं, कुणाला हुशारी वाटत असेल, पण न वाचलेला धडा त्यानं येत नाही. इतकं शांतपणे सांगते. पण त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही. एका पोरीला बरं वाटायला लावायची त्याला एवढी घाई होती, आणि तिच्याशेजारी बसून 'काय झालं' एवढं विचारायला सवड नव्हती. रागावू नको, जाऊ दे, असं मैत्रीणच मला म्हणते. मी नाही जाऊ देत.