राष्ट्रीय अध्यक्षांची मुलाखत

गंगापूर रोडवरच्या बापूंच्या फुलांच्या दुकानात फोन वाजला, की ते खाकरून सांगायचे, "राष्ट्रीय अध्यक्ष बोलतोय. हार लग्नाचा पाहिजे का सत्काराचा?" पक्ष त्यांचाच होता. सभासद म्हणजे भाऊबंद, व्याही आणि मळ्यात गुलाब खुडायला येणाऱ्या बाया. मी शेजारी राहणारा मराठीचा मास्तर, म्हणून पक्षाची घटना लिहायचं काम माझ्याकडे आलं.

बापूंनी सांगितलेलं पहिलंच कलम होतं, 'अध्यक्ष तहहयात बापूच राहतील.' निवडणूक आयोगाकडून घटना परत आली. पक्षात ठरावीक मुदतीनं निवडणूक घेऊ असं लिहून द्या, तरच नोंदणी. बापू मुळीच खचले नाहीत. "सर, त्यांना पाहिजे ते लिहा. कागद सरकारचा, पक्ष आपला!" मी गुप्त मतदानासकट सगळं लिहून दिलं. नोंदणी झाली, पेढे वाटले आणि घटनेकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही.

मुदत उलटली तसं आयोगाचं पत्र आलं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अहवाल पाठवा, नाहीतर नोंदणी रद्द. महापालिकेची निवडणूक तर तोंडावर आलेली. मी म्हटलं, "बिनविरोध निवडून या की."

"बिनविरोध बरं नाय दिसत, सर. लोकशाही वाटली पाहिजे." त्यांनी आत बायकोला हाक मारली, "हिरा, माझ्याविरुद्ध उभी राहा बरं. इथं सही कर."

हिराकाकू कणीक मळत होत्या. हात पुसून त्यांनी सही केली.

मतदान मळ्यातल्या शेडमध्ये झालं. बापूंनी लांबलचक भाषण केलं. काकूंनी सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली, जशी त्या एरवीही वाढत. चिठ्ठ्या मोजल्या तर बापूंना दोनच मतं. एक त्यांचं स्वतःचं. दुसरं काकूंचं, हे खुद्द काकूंनीच मला मागाहून सांगितलं.

बापूंनी मला बाजूला घेतलं. "सर, ते निवडणुकीचं कलम काढता येतं का?"

"येतं. अध्यक्षांची मंजुरी लागेल."

मग बरेच दिवस ते घरात कुणाशी धड बोलेनात. पण नगरसेवकाच्या तिकिटासाठी अर्ज मागवले, तेव्हा पहिला अर्ज त्यांचाच आला. मुलाखती त्यांच्याच बैठकीच्या खोलीत होत्या. इस्त्रीचा झब्बा घालून बापू बाहेर ओट्यावर नंबर लावून बसले. आत बोलावल्यावर काकूंनी विचारलं, "पक्षासाठी काय केलंत?"

"स्थापन केला," बापू गुरगुरले.

"ते झालं. त्यानंतर?"

बापूंनी झब्ब्याची बाही सारखी केली. "तुला अध्यक्ष केलं."

"केलं नाही. मी निवडून आले."

तिकीट गुलाब खुडणाऱ्या एका बाईला मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बापू तिची पत्रकं घेऊन माझ्या दारात उभे होते. मी 'या, अध्यक्ष' म्हणताच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "कार्यकर्ता म्हणा, सर," ते म्हणाले. "आत्ता कुठं भरती झालोय."